अँटनी, सेंट

(सु. २५१–३५६). ईजिप्तमधील ख्रिस्ती तपस्वी व संत. ख्रिस्ती संन्यस्त परंपरेचा जनक म्हणून तो ओळखला जातो. पादुआचा संत अँटनी (११९५–१२३१) याच्याहून हा वेगळा. त्याच्याविषयीची बहुतेक माहिती अलेक्झांड्रियाचा बिशप अथॅनेशियस याने त्याच्या मृत्यूनंतर लवकरच लिहिलेल्या ग्रीक चरित्रातून मिळते.

अँटनीचा जन्म ईजिप्तमधील एका सधन ख्रिस्ती कुटुंबात झाला. वयाच्या अठरा-वीस वर्षांच्या सुमारास आईवडील निवर्तले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सर्वस्व विकून गोरगरिबांना देण्याविषयीचे ख्रिस्तवचन त्याने चर्चमध्ये ऐकले. ते प्रमाण मानून त्याने आपली सुपीक जमीन (३०० अरूरा म्हणजे सु. ८० हेक्टर) गावकऱ्यांना देऊन टाकली, चीजवस्तू विकल्या व धाकट्या बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या हाती सोपविले. प्रथम गावाजवळच्या एका वृद्ध तपस्व्याच्या सहवासात, नंतर थडग्यांमध्ये व पुढे नाईल नदीपलीकडील पिस्पिर येथील ओसाड गढीत त्याने तपश्चर्या केली. सैतानाने त्याला दाखविलेली प्रलोभने व दिलेल्या यातना यांच्या प्रसिद्ध कथा याच काळातील आहेत. गढीतील सु. वीस वर्षांच्या एकांतवासानंतर, सु. ३०५ मध्ये, तो बाहेर आला. तोवर त्याचे अनुकरण करू इच्छिणारे अनेक जण तेथे जमले होते. त्यांना त्याने मार्गदर्शन केले.

एकांत हे अँटनीचे ध्येय असले, तरी समाजाशी असलेला संबंध त्याने तोडला नाही. ३११ मध्ये मॅक्सिमिनसच्या राजवटीत ख्रिस्ती लोकांचा छळ चालू असता त्याने अलेक्झांड्रियास जाऊन बंदिवानांची सेवा केली. सु. ३३८ मध्ये एरियसच्या मताचे खंडन करण्यासाठी तो तेथे पुन्हा गेला. उत्तरायुष्य त्याने तांबड्या समुद्राजवळील डोंगरात घालविले. आपल्यासाठी इतरांना भाकरी वाहून आणावी लागू नये म्हणून तेथे त्याने स्वतः धान्य पिकविले आणि पुढे येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी भाजीपालाही लावला. आपल्या देहाची पूजा होऊ नये, यासाठी दफनाची जागा गुप्त ठेवण्यास त्याने शिष्यांना सांगितले होते. त्या डोंगराच्या पायथ्याशी त्याच्या नावाचा कॉप्टिक मठ आहे.

अथॅनेशियसने अँटनीला निरक्षर पण ईश्वरी ज्ञान लाभलेला साधू म्हणून रंगविले आहे. त्याच्या नावावरील सात पत्रांत मात्र आत्मज्ञानावर भर असून ऑरिजेनच्या विचारांचा प्रभाव दिसतो. ती अस्सल मानणारे अभ्यासक चरित्रातील निरक्षरतेचे वर्णन शब्दशः घेत नाहीत. अँटनीपूर्वीही ख्रिस्ती तपस्वी होते. तथापि वाळवंटातील तपस्व्याचा आदर्श सर्वत्र पोहोचला तो या चरित्रामुळे. त्याचे लॅटिन भाषांतर चौथ्या शतकातच झाले व संत ऑगस्टीनच्या धर्मपरिवर्तनासही अँटनीची कथा प्रेरक ठरली. बॉस व ग्रूनेव्हाल्ट या चित्रकारांनी त्याच्या प्रलोभनांचे प्रसंग चितारले आहेत. त्याचा स्मृतिदिन १७ जानेवारीस पाळतात.