संकट टळले, हे शरीराला कोण सांगणार?

रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. जेवणे आटोपलेली, मुले झोपलेली, शेजारच्या घरातील दूरचित्रवाणीचा आवाजही मंदावलेला. लोकलमधील रेटारेटी संपून तीन तास उलटले आहेत. कार्यालयात साहेबांशी उडालेला खटका तर दुपारचा. तरीही खांदे वर ओढलेले, जबडा आवळलेला आणि छातीत एक बारीकशी धडधड. अंथरुणाला पाठ टेकली तरी डोळा लागत नाही. मग हात आपसूक उशाजवळच्या मोबाइलकडे जातो.

या चित्रात अतिशयोक्ती नाही, कारण ते प्रस्तुत प्रतिनिधीच्याच घरातील आहे. गेल्या पावसाळ्यात एका नेहमीच्या तपासणीत रक्तदाब १४८/९६ निघाला, तेव्हा वय होते अवघे ३६. डॉक्टरांनी लगेच गोळी लिहून दिली नाही. रक्तदाब मोजण्याचे यंत्र घरी आणून महिनाभर सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत टिपावेत, असे सांगितले आणि जाता जाता एक प्रश्न विचारला. दिवसभराचा ताण घरी आल्यावर नेमका कधी संपतो? या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्याच्या शोधात जे वाचले, विचारले आणि करून पाहिले, त्यातून हा लेख उभा राहिला आहे.

ताण ही मनाची गोष्ट आहे, असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात तो आधी शरीरात घडतो. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भीती आणि संताप यांच्या वेळी प्राण्यांच्या शरीरात काय बदल होतात, याचे तपशीलवार वर्णन केले आहे. समोर वाघ उभा राहिला तर दोनच मार्ग उरतात, लढा किंवा पळा. दोन्हींसाठी लागणारी तयारी मात्र एकच. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, हृदय वेगाने धावू लागते, स्नायू ताठरतात, यकृतातील साखर रक्तात उतरते आणि पचनाचे काम तहकूब होते. काही मिनिटांनी त्याच ग्रंथींमधून कॉर्टिसोल हे दुसरे संप्रेरक येते आणि ही सज्जता टिकवून धरते.

व्यवस्था उत्तम आहे. फक्त ती वाघासाठी आहे. वाघ आला, माणूस पळाला, झाडावर चढला, की संकट संपले. धावण्यात साखर खर्ची पडली, स्नायू थकून सैल झाले, श्वास हळूहळू खाली आला आणि शरीराला निरोप मिळाला की आता सारे ठीक आहे. आपला वाघ मात्र गृहकर्जाच्या हप्त्याच्या रूपाने दरमहा येतो, ई-मेलच्या रूपाने रात्रीही येतो आणि त्याच्यापासून धावत सुटण्याची सोय नसते. खुर्चीवर बसल्या बसल्या लढाईची सारी तयारी होते. लढाई होत नाही आणि ती संपल्याची घोषणाही होत नाही.

ही घोषणा न झाल्यास काय होते, याची पहिली झलक हान्स सेल्ये यांना दिसली. व्हिएन्नात जन्मलेले हे संशोधक कॅनडातील मॉन्ट्रियल येथे एका नव्या संप्रेरकाच्या शोधात होते. उंदरांना निरनिराळे अर्क टोचले, तरी परिणाम मात्र तेच. अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, प्रतिकारशक्तीशी निगडित थायमस ग्रंथी आकसलेली आणि जठरात व्रण. पुढे थंडी, अतिश्रम, जखम अशा कोणत्याही त्रासाने हीच तीन लक्षणे उमटतात, असे आढळले. १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी हे निष्कर्ष जेमतेम पानभर मजकुरात मांडले. एका फसलेल्या शोधातून एक नवे शास्त्र जन्माला आले, असेच म्हणावे लागेल.

माणसांबाबतही असेच काही घडते का? १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर एक छोटी, एकसारखी जखम करून ती भरून येण्यास लागणारे दिवस मोजण्यात आले. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी ९ दिवस अधिक लागले. अभ्यास लहान असला तरी त्याचा अर्थ लहान नाही. आपल्याकडे सासूचे पथ्यपाणी, मुलांची परीक्षा आणि नोकरी अशा तिन्ही आघाड्या सांभाळणाऱ्या किती तरी गृहिणी ‘मला कसला आलाय ताण’ म्हणून विषय झटकून टाकतात!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हृदयाचे ठोके, रक्तदाब, पचन ही सारी कामे स्वायत्त चेतासंस्था पाहते आणि ती आपला हुकूम मानत नाही. ‘ठोक्यांनो, सावकाश व्हा’ असे म्हणून ते सावकाश होत नाहीत. या बंद घराला एकच दार आहे, ते म्हणजे श्वास. तो आपोआपही चालतो आणि मनात आणले तर आपल्या इच्छेनेही. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना ती किंचित कमी होते. मनगटावरील नाडीवर बोट ठेवून शांतपणे दीर्घ श्वसन केले, तर अनेकांना हा फरक स्वतःला जाणवू शकेल. उच्छ्वासाच्या वेळी मेंदूपासून पोटापर्यंत गेलेल्या व्हेगस या चेतेचा अंमल वाढतो आणि ती हृदयाला लगाम घालते. म्हणजे उच्छ्वास लांबवला, की लगाम जास्त वेळ खेचलेला राहतो. शरीराला हवा असलेला निरोप पोहोचवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

हे कितपत खरे, याची तपासणीही झालेली आहे आणि तिची एक गंमत आहे. इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींना एकदा लॅटिन भाषेतील जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि एकदा ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला ६ च्या आसपास उतरली. एरवी विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ व्यक्ती मिनिटाला १२ ते २० श्वास घेते. रक्तदाबाचे नियमन करणाऱ्या यंत्रणेची स्वतःची लयदेखील सुमारे १० सेकंदांची असते. दोन्ही लयी जुळताच त्या यंत्रणेची संवेदनक्षमता वाढली, असे २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी नोंदवले. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून रामरक्षा म्हणण्याची रीत आपल्या घराघरांत होती. ती कोणी रक्तदाबासाठी म्हणत नसे, हे उघड आहे. पण एका लयीत, दम राखून म्हटलेले ओळीमागून ओळ स्तोत्र श्वासाला शिस्त लावत असणार, असे मानायला जागा आहे. ज्यांची श्रद्धा नाही त्यांनी नुसते आकडे मोजले तरी चालेल.

अगदी अलीकडे, २०२३ साली, स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी महिनाभर दररोज ५ मिनिटे श्वसनाचे वेगवेगळे प्रकार करणाऱ्यांची तुलना तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांशी केली. लांब उच्छ्वासावर भर देणाऱ्यांच्या मनःस्थितीत सर्वाधिक सुधारणा दिसली. या विषयाला प्रयोगशाळेत नेण्याचा मान मात्र महाराष्ट्राकडे जातो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापन केले आणि आसने व प्राणायाम यांच्या परिणामांची रक्तदाबमापक आणि क्ष-किरण यांच्या साहाय्याने पडताळणी सुरू केली. ते प्रयोग ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून त्याच वर्षापासून प्रसिद्ध होऊ लागले.

कृती अशी. ताठ पण सैल बसावे. नाकाने ४ अंक मोजत श्वास घ्यावा, ६ अंक मोजत सोडावा. एका श्वासाला १० सेकंद, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. असे ५ मिनिटे करावे. श्वास कोंडून धरू नये. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी तर मुळीच नाही. चक्कर आल्यासारखे वाटले तर आपण जोर लावतो आहोत असे समजून थांबावे. ‘वेळ मिळत नाही’ ही सबब येथे चालणार नाही. चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवूनही हे करता येते, हे स्वानुभवाने सांगतो. सुरुवातीचे तीन-चार दिवस मोजण्याकडेच लक्ष राहते आणि शेजारचा प्रवासी चमत्कारिक नजरेने पाहतो. नंतर दोन्हींची सवय होते.

निरोप पोहोचवण्याचे दुसरे साधन म्हणजे पाय. सज्ज झालेल्या स्नायूंना काम दिले, की शरीर ती लढाई झाली असे धरून चालते. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्थानकावरून घरी रिक्षाऐवजी चालत जाणे हा त्यातला सर्वांत स्वस्त हप्ता. शिवाय कार्यालय आणि घर यांच्यामध्ये एक उंबरठा तयार होतो, तो वेगळाच लाभ. ज्यांना चालणे शक्य नाही त्यांनी एडमंड जेकबसन या अमेरिकी वैद्यकाची १९२९ सालच्या पुस्तकातून प्रसिद्ध झालेली रीत अवलंबावी. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायुगट काही सेकंद आवळायचा आणि सोडून द्यायचा. शवासन जाणणाऱ्यांना ती परकी वाटणार नाही.

झोपेविषयी थोडेच सांगतो, कारण ते सर्वांना ठाऊक असते आणि कोणीच पाळत नाही. कॉर्टिसोल सकाळी सर्वाधिक आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. हा चढ-उतार बिघडू नये म्हणून उठण्याची वेळ ठरलेली हवी. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश बाहेर पडायलाच सुमारे ५ तास लागतात. तेव्हा संध्याकाळी सहाचा कटिंग रात्री अकरापर्यंत आपल्या सोबतीला असतो.

एक मात्र स्पष्ट केले पाहिजे. अलीकडे अनेक आस्थापनांमध्ये ताणमुक्तीची शिबिरे भरतात. सकाळी प्राणायाम शिकवायचा आणि त्याच कर्मचाऱ्याला रात्री नऊपर्यंत बसवून ठेवायचे, हा प्रकार हास्यास्पद आहे. जो ताण कामाच्या तासांतून, कर्जातून किंवा घरातील छळातून येतो, त्यावर श्वास हा उपाय नव्हे. त्यासाठी कारणालाच हात घालावा लागतो. तसेच छातीत दुखणे, दम लागणे याला परस्पर ‘टेन्शन’ ठरवून घरी बसू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जीव नकोसा होत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

वहीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातील आकडे १३४/८६ च्या आसपास राहिले. त्याच महिन्यात घरातील लोणचे-पापडही बंद झाले होते, त्यामुळे श्रेय श्वासाचे की मिठाचे, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. त्यांनी वही परत हाती दिली आणि आणखी तीन महिने लिहायला सांगितले आहे.