तारखांची वही

आमचे काका दशावतारी कंपनीच्या तारखा लिहायचे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रोज नवा गाव. गणपतीचा पेटारा, पखवाज, पायपेटी टेम्पोत चढलं का, हे बघणं माझ्याकडे. "तारीख चुकली तर गाव सोडूचो नाय गो," काका म्हणत.

मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राच्या ऑर्केस्ट्राकडे इंटर्नशिपसाठी अर्ज करायचा ठरवला, पण व्हायोलिनबद्दल मी काय लिहिणार? तिथला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली खुश्रू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी उभा केला. ऑर्केस्ट्राच्या कचेरीतही कामं तीच: तालमींचं वेळापत्रक, परदेशी वादकांचे व्हिसा, प्रत्येक स्टँडवर ज्याची त्याची स्वरलिपी. म्हणून अर्जाला पदवीच्या प्रमाणपत्राआधी काकांच्या वहीचं पान जोडलं. मालवणात एसटी स्टँडजवळ झेरॉक्स काढली; तेलाचा डाग तेवढा काळाकुट्ट उमटला.