वाचनाचा जमाखर्च

वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवण्याची हौस पेण-रोह्याकडच्या माझ्या विद्यार्थ्यांना आहे. कोणी वर्षात पन्नास पुरी करतो, कोणी साठ. आकडा पाहून मी सुखावतो. पण पदरी काय उरले, ते वही सांगत नाही.

याच पेण तालुक्यातील गागोद्याचे विनोबा भावे १९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून वर्षाची रजा घेऊन बाहेर पडले व वाईस अभ्यासाला राहिले. १९१८ च्या फेब्रुवारीत त्यांनी गांधीजींना पत्राने हिशेब दिला. त्यात उपनिषदे, गीता, ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य आणि पातंजल योगदर्शन होतेच. शिवाय गीतेचे घेतलेले वर्ग, पायी प्रवास आणि दळण दळून वाचनालयाला केलेली मदतही होती. नुसते ग्रंथ मोजून ते थांबले नाहीत.

वाचकहो, पाडव्याला नवी वही उघडाल, तेव्हा ‘काय वाचले’च्या शेजारी ‘मग काय केले’ हाही रकाना आखा. आकडा घटला तरी चालेल!