ओझे मागे, झोत वर

मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या मधल्या राहू बेटाच्या ऊसपट्ट्यात मोटारसायकल हे माणसांइतकेच मालाचेही वाहन आहे. पहाटे दुधाचे भरलेले कॅन घेऊन निघालेली गाडी परतताना रिकामी असते आणि अंधार पडता पडता तिच्यावरच उसाच्या वाढ्यांचा भारा लादलेला असतो, पण हेडलाइटचा कोन मात्र एकदा बसवला तो तसाच राहतो.

मागे ओझे पडले की मागचे शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, दबतात आणि गाडीचे तोंड वर होते. दोन चाकांच्या आसांत सव्वा मीटर अंतर असलेली गाडी मागे 3 सेंटिमीटर जास्त दबली, तर 25 मीटरवर झोत सुमारे 60 सेंटिमीटर वर सरकतो. डिपरचा झोत 10 मीटरमागे साधारण 10 सेंटिमीटर उतरता ठेवतात. तेवढा उतार या ओझ्यापुढे टिकत नाही, त्यामुळे समोरच्याने कितीही खुणावले तरी उपयोग नसतो, कारण चालकाने डिपर आधीच लावलेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 106 झोत डोळे दिपवणार नाही इतका खाली वळवलेला हवा असे सांगतो, आणि तो पाळल्याचे समाधान रिकाम्या गाडीवर सहज मिळते. चालकाचेही नुकसान होतेच, कारण रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली पुढे उभी असताना प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर पडतो.

हेडलाइट कायमचा खाली करणे हा उपाय अपुरा आहे. भरल्या गाडीच्या मापाने बसवलेला, जमिनीपासून 90 सेंटिमीटर उंचीचा दिवा रिकाम्या गाडीवर जेमतेम 26 मीटरपर्यंत पोहोचतो, आणि ताशी 50 किलोमीटर वेगाने ते अंतर दोन सेकंदांच्या आत संपते.

म्हणून आधी टायरमधील हवा, मग स्प्रिंगचा आरंभीचा ताण आणि शेवटी दिव्याचा स्क्रू, हा क्रम योग्य ठरतो. हा ताण बहुतेक साध्या गाड्यांत शॉकॲब्सॉर्बरवरील खाचांचे कडे हुकाच्या पान्याने फिरवून बदलता येतो. दोन्ही बाजूंची खाच मात्र एकच हवी. नंतर सपाट जमिनीवर, नेहमीच्या ओझ्यासह आणि चालक बसलेला असताना, 5 मीटरवरील भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीची खूण करून डिपरच्या झोताची वरची कड तिच्याखाली 5 सेंटिमीटर आणावी. पुढे ओझे बदलले की स्क्रूला हात न लावता कडे फिरवावे. मात्र कडे आवळल्याने गाडीची भारक्षमता वाढत नाही. कंपनीच्या पुस्तिकेतील मर्यादेपलीकडचे वजन स्प्रिंग पार तळाला नेते आणि मग कोणत्याच खाचेवर झोत जागेवर येत नाही.