छातीतील कळ: स्नायूची की हृदयाची?

बरगड्यांमधील स्नायूंना ताण बसल्यावर होणारी वेदना बहुधा बोटाने दाखवता येते आणि दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर वाढते. उलट हृदयाला रक्त अपुरे पडल्याने होणारे दुखणे, म्हणजे अंजायना, छातीच्या मध्यभागी दडपणासारखे पसरते, श्रमाने वाढते आणि कधी हात, जबडा वा पाठीपर्यंत पोहोचते. तथापि शिकागोसारख्या शहरात दारातील बर्फ फावड्याने उपसल्यानंतर छाती दुखू लागली, तर हा भेद फसवा ठरतो, कारण त्या श्रमाने स्नायू जसे ताणले जातात, तसाच रक्तदाब चढतो आणि थंडीने रक्तवाहिन्याही आकसतात. अमेरिकेतील २०१८च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शिकेने दक्षिण आशियाई वंश हा हृदयरोगाचा धोका वाढवणारा एक घटक मानला असल्याने तेथील मराठी कुटुंबांनी असे दुखणे अंगदुखीत जमा करणे खरोखर घातक आहे. निर्णय ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत्क्रियेचा आलेख, आणि ट्रोपोनिन, म्हणजे हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे प्रथिन, यांवर सोपवावा. २०२१च्या छातीदुखीविषयक मार्गदर्शिकेनुसार हा आलेख रुग्ण पोहोचल्यापासून १० मिनिटांत काढला जावा. दडपणासोबत घाम, धाप किंवा मळमळ असल्यास स्वतः गाडी चालवत न जाता ९११ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.