ताण : बागेतला आणि मनातला

पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात ‘ताण’ हा शब्द मानसशास्त्राच्या ग्रंथांतून आलेला नाही. तो संत्र्याच्या बागेतून आलेला आहे. आंबिया बहार धरावयाचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत, आणि मृग बहार धरावयाचा असेल तर उन्हाळ्याच्या अखेरीस, बागायतदार झाडांचे पाणी तोडतो. झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होतात, आणि या सक्तीच्या विसाव्यात साठलेले अन्नद्रव्य पुढे पाणी मिळताच फुलांच्या कामी येते. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस द्यावा लागतो, भारी जमिनीत अधिक दिवस. तो अपुरा पडला तर बहार फुटत नाही. प्रमाणाबाहेर गेला तर पाने गळतात आणि फांद्या वाळू लागतात. ताण तोडतानाही एकदम पाट भरून पाणी सोडीत नाहीत. पहिले पाणी हलकेच देतात.

श्रोतेहो, झाडाचा ताण किती झाला हे पानाकडे पाहून सांगणारा मनुष्य स्वतःचा ताण किती झाला हे मात्र सांगू शकत नाही, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. झाडाला तो रोज पाहतो. स्वतःला पाहण्याची सवय त्याला नसते.

माणसाच्या ताणाचा विचार शास्त्रज्ञांनी गेल्या शतकात सुरू केला. अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी 1915 साली दाखवून दिले की, संकट समोर दिसताच शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते, हृदय जोराने धडधडते, स्नायू आवळतात, पचन मंदावते. पुढे 1936 साली हान्स सेल्ये यांनी, हा भार दीर्घकाळ चालू राहिला तर शरीर कसे झिजते, याचे वर्णन प्रसिद्ध केले.

या भागातील श्रोत्यांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. त्या प्रथेबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. तीत माणसे जायबंदी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत. पण येथे मुद्दा एवढाच की, तेथे दगड कोठून येतो हे डोळ्यांना दिसते आणि खेळ त्या दिवसापुरता असतो. बँकेचा हप्ता, अंगावर येणारी गारपीट, मृगाच्या पावसाने दिलेली हुलकावणी, मुलीचे लग्न, परीक्षेचा निकाल, यांचे दगड दिसत नाहीत आणि त्यांचा दिवसही मावळत नाही. शरीराला मात्र हा भेद कळत नाही. रात्री दोन वाजता अंथरुणावर पडल्या पडल्या संत्र्याचा भाव पडल्याची कल्पना केली, तरी छाती तशीच धडधडते. भाव खरोखर पडेल तेव्हा पडेल. पण त्याचे दुःख आपण त्यापूर्वीच दहा वेळा भोगून मोकळे होतो!

यावर जो उपाय आज जगभर ‘सजगता’ या नावाने सांगितला जातो, त्याचे मूळ आपल्याच देशात आहे. पालीतील ‘सति’, म्हणजे संस्कृतातील ‘स्मृति’, हा तो शब्द होय. बुद्धाने श्वास, शरीर, वेदना आणि चित्त यांकडे जागेपणाने पाहावयास सांगितले. सत्यनारायण गोयंका 1969 साली ब्रह्मदेशातून ही विद्या घेऊन भारतात आले, आणि 1976 पासून इगतपुरी हे तिचे केंद्र झाले. दुसरीकडे जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात, दुखण्याने गांजलेल्या रुग्णांसाठी, कोणत्याही धर्माचा संबंध न ठेवता, काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला.

कृती साधी आहे, सोपी नाही. पाय जमिनीला टेकवून बसावे. श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढेच पाहावे. तो मुद्दाम रोखू नये. दुसऱ्या-तिसऱ्या श्वासालाच मन व्यापाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहील. त्याला दटावू नये. ‘ही चिंता आहे’ असे मनाशी म्हणावे, ती शरीरात कोठे जाणवते—जबड्यात, खांद्यात की पोटात—हे पाहावे, आणि पुन्हा श्वासाकडे यावे. मन गेले म्हणजे अभ्यास फसला, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ते गेल्याचे ध्यानात येऊन परत वळणे हाच अभ्यास होय. ज्यांना बसावयास सवड नाही, त्या गृहिणीने भाकरी थापताना तळव्याला लागणारे पीठ आणि तव्याची धग यांवर लक्ष ठेवले, किंवा बागेत फेरी मारणाऱ्याने पावलाखालच्या ढेकळांवर ठेवले, तरी चालते.

याने काय साधते? चिंता नाहीशी होत नाही. चिंता आणि कृती यांच्यामध्ये थोडी जागा मिळते. त्या जागेत रागाचा शब्द गिळता येतो, किंवा पडेल भावात माल देऊन टाकण्यापूर्वी आणखी एका ठिकाणी विचारता येते.

मात्र या उपायाचे स्तोम माजवू नये. 2014 साली 47 प्रयोगांचा आणि साडेतीन हजार लोकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, उदासीनता आणि वेदना यांवर ध्यानाचा मध्यम प्रतीचा उपयोग त्यात दिसला. पण व्यायाम किंवा औषधे यांपेक्षा ते सरस ठरले नाही. कर्ज श्वास मोजल्याने फिटत नाही. ज्याच्या डोक्यावर न झेपणारे देणे आहे, त्याला ‘मन शांत ठेव’ एवढेच सांगणे ही क्रूरता आहे. त्याच्याबरोबर बँकेत जाऊन बसणारा मनुष्य त्याला अधिक हवा असतो. काही जणांना डोळे मिटून बसल्यावर जुने आघात आठवून अधिकच घाबरल्यासारखे होते. त्यांनी ते तत्काळ थांबवावे.

आणि आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, अन्नावरची वासना गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले असेल, तर ते काम श्वासाचे नव्हे, वैद्याचे आहे. केंद्र सरकारने 2022 साली ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. 14416 हा तिचा क्रमांक. तो अहोरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि बोलण्यासाठी मराठी किंवा हिंदी निवडता येते. घरातील एखाद्याला स्वतः फोन लावण्याचे बळ नसेल, तर दुसऱ्याने तो लावून त्याच्या हाती द्यावा.