हेलियमचा हिशेब कोणाच्या भावाने?

जमिनीखाली हेलियम किती आहे, हे भूगर्भशास्त्रज्ञ सांगू शकतात. तो पुढे कोणाला, किती आणि कोणत्या भावाने लागेल, हा हिशेब मात्र अमेरिकी सरकारला वारंवार चकवत आला आहे. १९२५ च्या कायद्याने हवाई जहाजांसाठी या वायूचा सरकारी साठा सुरू झाला. १९६० नंतर सरकारने खासगी कंपन्यांना पैसे देऊन नैसर्गिक वायूतून हेलियम वेगळा करवून घेतला आणि टेक्सासमध्ये अमारिलोजवळच्या क्लिफसाइड वायूक्षेत्रात तो पुन्हा जमिनीत भरला. अपेक्षित गिऱ्हाईक आले नाही. व्याजासकट कर्ज सुमारे १.४ अब्ज डॉलरवर गेले. १९९६ मध्ये संसदेने फर्मावले: साठा विका, कर्ज फेडा.

गोम भावात होती. तो बाजाराने नव्हे, फेडायच्या कर्जाच्या रकमेने ठरला. विक्रीचा फारसा परिणाम होणार नाही, असे राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००० मध्ये सांगितले; त्याच परिषदेच्या २०१० च्या अहवालाने ते मत फिरवले. तोवर जगाच्या पुरवठ्यातला सुमारे एक तृतीयांश वाटा या एका साठ्याचा होता. सरकारच स्वस्तात विकत असेल, तर वापरलेला वायू पुन्हा पकडण्याच्या यंत्रणेत पैसा कोण घालणार? २०१३ च्या कायद्याने लिलाव आणले, पण उशिराच.

भाव वाढला की पुरवठा आपोआप वाढेल, हा आक्षेप इथे लंगडा पडतो. हेलियम हे नैसर्गिक वायूचे उपउत्पादन. कतारमधले वायूप्रकल्प थंडावले, तर भाव कितीही चढो, तिथला हेलियमही आटतो. अमेरिकेत सुमारे ८.५ अब्ज घनमीटर हेलियम काढता येण्याजोगा आहे, असे तिथल्या भूगर्भ सर्वेक्षणाने २०२१ मध्ये मांडले. दिलासा खरा, पण वायू काढताना तो वेगळा केला नाही, तर हवेत मिसळतो आणि हातचा जातो.

मागणी मात्र बदलता येते. जुन्या धाटणीच्या एमआरआय यंत्रातले चुंबकाचे वेटोळे उणे २६९ अंशांच्या दीड-दोन हजार लिटर द्रव हेलियममध्ये बुडवलेले असते. नव्या बंदिस्त रचनेच्या काही यंत्रांत सात-आठ लिटर पुरतात. अतिशीत तापमानावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना मात्र सहज पर्याय नाही. तरीही २०२२ मध्ये अमेरिकेने हेलियमला महत्त्वाच्या खनिजांच्या यादीतून वगळले आणि २०२४ मध्ये क्लिफसाइडचा साठा मेसर कंपनीला विकून टाकला. भारत जवळपास सगळा हेलियम आयात करतो. तेव्हा आपल्या रुग्णालयांनी एमआरआय यंत्र घेताना किमतीबरोबर ते किती हेलियम मागते, हेही विचारावे. आणि प्रयोगशाळांना वायू परत पकडण्यासाठी सरकारने अनुदान द्यावे.